दाराकडे तोंड करून बसणारी बाई

सरूबाईंना ऑफिसात कोणी आजी म्हटलं की त्या ओ देत नाहीत. ऐकूच आलं नाही असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत राहतात. हाका मारणारा दमला की मग वळून सांगतात, की आजी म्हणणारी चार नातवंडं खारी गावात घरी आहेत, इथे मी कामाला येते. नवीन आलेल्या प्रत्येकाचा असा एकदा पचका होतो, माझाही झाला. मी नवघरचा, आईवडील रत्नागिरीकडचे. वयाने मोठ्या बाईला आजी म्हणण्यात आदर आहे असं मला शिकवलेलं. सरूबाईंचं म्हणणं, आजी म्हणायचं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायचं, हा कसला आदर. त्या दिवसापासून मी त्यांना सरूबाई म्हणतो. त्या मला दिपेश म्हणत नाहीत, 'अरे कंप्युटर' म्हणतात. त्याबद्दल कुठे दाद मागायची ते मला अजून कळलेलं नाही.

आमचं ऑफिस म्हणजे नवघर रोडवरच्या एका इमारतीतल्या तीन खोल्या. एका संशोधन संस्थेने दोन वर्षांसाठी भाड्याने घेतलेल्या. संशोधनाचा विषय असा, की माणसाची तान्ही मुलं आणि जनावरांची पिल्लं दूध कशी पितात. किती वेळ पितात, मध्ये किती वेळा थांबतात, आधी कोण सोडतं, आई की पिल्लू. माझ्या बायकोने विचारलं होतं की यात शोधायचं काय, दोघंही तोंडानेच पितात ना. मी हसलो. माझं काम डेटा एन्ट्रीचं. बाहेरून टॅबमध्ये भरून आलेले आकडे तपासायचे आणि मोठ्या तक्त्यात चढवायचे.

प्रकल्पाच्या प्रमुख निशिगंधा मॅडम. डॉक्टर आहेत, कामाला वाघ, आणि नियमाबाहेर एक पाऊल टाकणार नाहीत. टॅब घेऊन घरोघर जाणारी अनुष्का, नुकतीच एम.एस्सी. झालेली, गुणी मुलगी. आणि सरूबाई. त्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर पद लिहिलं होतं 'सोबती'. कामं दोन. अनुष्काला बाळंतिणीच्या खोलीपर्यंत न्यायचं, कारण टॅब घेतलेल्या परक्या मुलीला तिथे कोण घेईल. आणि भेट खरोखर झाली याची साक्ष म्हणून प्रत्येक फॉर्मखाली सही करायची. सरूबाई सातवी शिकलेल्या. सही मोठी, ठसठशीत, हमखास चौकटीबाहेर जाणारी. ती सही नसेल तर भेट धरायची नाही, हा नियम मॅडमनी स्वतः केला होता.

पहिले तीन महिने जनावरांचे होते. काशीमिऱ्याच्या अंगाला काशीनाथ म्हणून एकाचा म्हशींचा छोटा गोठा आहे, पारडांना अजून आईला पिऊ देणारा. पहिल्या दिवशी आम्ही लवाजम्यासकट पोचलो. मॅडम, अनुष्का, कॅमेरा, दोन स्टॉपवॉच, आणि काही गरज नसताना मी. म्हशीने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग पारडू ढुशा मारून मारून रडकुंडीला आलं तरी तिने एक थेंब सोडला नाही. मॅडमनी काशीनाथला विचारलं, ही आजारी आहे का. काशीनाथ तोंड फिरवून हसला.

सरूबाई हसल्या नाहीत. त्यांचं माहेर खारीचंच. आज तिथे चारी बाजूंनी सात-सात मजले उभे आहेत, पण त्या लहान असताना त्यांच्या वडिलांच्या, धर्माजींच्या, दावणीला अकरा म्हशी होत्या. वडील धार काढायचे आणि ही पोर पारडू धरून उभी राहायची. त्यांनी आम्हाला हाताला धरून एकेकाला गोठ्याबाहेर काढलं. म्हणाल्या, परकं माणूस समोर उभं राहिलं की म्हैस पान्हा चोरते. दूध असतं, पण ती सोडत नाही. सात दिवस लांबून या, रोज तेच कपडे घाला, आणि तिच्याकडे टक लावून बघू नका.

मॅडमचा मोठेपणा असा की त्यांनी ऐकलं. सगळ्यांना खाकी शर्ट शिवले, आम्ही वीस फुटांवर कडब्याच्या पेंढ्यांशेजारी उभे राहून इकडेतिकडे बघायचो. आठव्या दिवशी म्हैस आमच्यादेखत पान्हावली आणि पारडाच्या तोंडाला फेस आला. नियमावलीत नवं पान दाखल झालं. जनावराला सात दिवस सवय होऊ द्यावी, वीस फूट अंतर ठेवावं, थेट बघणं टाळावं. ते पान मीच टाइप केलं. त्याच्या समोरच्या पानावर माणसांसाठीचे नियम होते, तेही मीच टाइप केलेले. निरीक्षकाने आईसमोर तीन फुटांवर, बाळाचे ओठ स्पष्ट दिसतील असं बसावं. दोन्ही पानं समोरासमोर होती, उघडी, आणि माझ्या टाळक्यात काही उजेड पडला नाही.

मग आली तारोडी. उत्तनच्या पट्ट्यातलं समुद्राकाठचं गाव, आमच्या यादीत तिथल्या एकतीस आया. तारोडीत दोन गोष्टी पक्क्या. पिणाऱ्या पोरावर परक्याची नजर बसू द्यायची नाही. आणि घरी आलेल्या माणसाला तोंडावर 'बघू नका' म्हणायचं नाही, त्याला चहाशिवाय जाऊ द्यायचं नाही. दोन्ही एकदम सांभाळायचं तर बाई काय करणार? पोराला छातीपासून अलगद काढते, 'झालं त्याचं' म्हणते आणि चहा ठेवायला उठते. पाहुणे गेले की राहिलेलं पाजते. यात तिला काही विशेष वाटत नाही, तिच्या आईने आणि सासूनेही हेच केलेलं असतं.

आता त्या घरात अनुष्का. प्लास्टिकच्या खुर्चीवर, तीन फुटांवर, मांडीवर टॅब, डोळे बाळाच्या ओठांवर. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला आई उठली की टॅबवरचं बटण दाबायचं, 'आईने थांबवले'. तेवढं एकच बटण होतं. सरूबाई शेजारीच बसलेल्या असायच्या, पण त्या बटणाचा अर्थ काय लावला जाणार ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अनुष्का प्रामाणिक, म्हणून शेऱ्याच्या रकान्यात ती दर वेळी लिहायची, आई चहा करायला उठली. तो शेऱ्याचा रकाना मी तक्ता करताना उडवला. तक्त्यात लांब मजकूर बसत नव्हता, आणि मला घरी जायची घाई होती. हे लिहिताना लाज वाटते.

तीन-तीन भेटी झाल्या. एकतीसपैकी सव्वीस आया 'अपुरं पाजणाऱ्या' निघाल्या. बाळांची वजनं दुसऱ्या टप्प्यात घ्यायची होती, त्यामुळे हातात फक्त मिनिटं होती. नियमाप्रमाणे अशा आईला एक छापील चिठ्ठी द्यायची: बाळाला आईचं दूध कमी पडत असण्याची शक्यता आहे, वरच्या दुधाबाबत सल्ला घ्यावा. खाली संस्थेचा शिक्का. सव्वीस नावांची यादी शुक्रवारी आरोग्य केंद्रात जाणार होती. चिठ्ठ्या अनुष्काने आधीच्या शनिवारी वाटल्या, तिसऱ्या भेटीच्या सह्या व्हायच्या आधीच, कारण त्या दिवशी सरूबाई रजेवर होत्या.

त्यातली एक चिठ्ठी रीमाच्या घरी गेली. रीमाचा नवरा बोटीवर, मुलगी दिव्या तीन महिन्यांची, घरात सासू जिजाबाई आणि मोठा मुलगा बंटी. हा बंटी दोन महिन्यांचा असताना असंच कुणीतरी सांगितलं होतं, तुझं दूध पुरत नाही. त्याला बाटली लावली. जुलाब लागले, पोर बारा दिवस सलाईनवर होतं, आणि तेवढ्यात रीमाचं दूध आटलं. बंटी वाचला, आता चार वर्षांचा आहे आणि घर डोक्यावर घेतो. पण रीमा ते बारा दिवस विसरलेली नव्हती. आता पुन्हा तेच वाक्य घरात आलं, या वेळी शिक्का मारून. जिजाबाईंनी त्याच दुपारी भाईंदरहून पावडरचा डबा आणि बाटली आणवली आणि फळीवर ठेवली. बाई दुष्ट नव्हेत, नातीच्या काळजीने त्यांचा जीव खालीवर होत होता. म्हणाल्या, शुक्रवारी केंद्रातल्या बाईने हो म्हटलं की सुरू करू. रीमाने सरूबाईंना फोन लावला, आणि बोलायच्या आधीच रडायला लागली.

सोमवारी सरूबाई साडेनऊला ऑफिसात हजर. त्यांच्या टेबलावर तिसऱ्या भेटीचे सव्वीस फॉर्म सहीसाठी ठेवलेले होते. त्यांनी गठ्ठा उचलला, मॅडमच्या खोलीत गेल्या आणि तो मॅडमच्या लॅपटॉपवर ठेवला. शेजारी नाही, वर. म्हणाल्या, सही करणार नाही.

मॅडमनी शांतपणे समजावलं. भावना समजते, पण एकेका घरात तीनदा मोजलंय, वेगवेगळ्या दिवशी मोजलंय, आणि सरूबाई प्रत्येक वेळी तिथे हजर होत्या. भेट झाली एवढंच सहीने सांगायचं आहे. निष्कर्ष काढणं हे त्यांचं काम नाही. हे शेवटचं वाक्य मॅडमनी बोलायला नको होतं. सरूबाईंच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दारातून दिसली. त्यांनी मला हाक मारली, 'अरे कंप्युटर', आणि नियमावली आणायला सांगितली.

"वाच," म्हणाल्या. "म्हशीचं पान."

मी वाचलं. सात दिवस, वीस फूट, थेट बघणं टाळावं.

"आता बाईचं."

मी तेही वाचलं. तीन फूट, समोर, ओठ स्पष्ट दिसतील असं. वाचताना माझा आवाज बारीक होत गेला. आठ महिन्यांपूर्वी टाइप करताना दिसायला हवं होतं ते आता मोठ्याने वाचताना दिसलं.

"म्हशीला सात दिस दिलेत, मॅडम," सरूबाई म्हणाल्या. "तारोडीच्या बाईला सात मिन्टं पन न्हाय दिली. तिच्या छातीसमोर खुर्ची मांडलीत. आनि आता तिलाच कागद देताय, तुला दूध न्हाय म्हनून. दूध हाय. तुमच्यासमोर ती सोडत न्हाय, येवढंच हाय."

मग मी माझी कबुली दिली, कारण त्या क्षणी गप्प बसलो असतो तर घरी जाऊन आरशात बघता आलं नसतं. अनुष्काचे मूळ शेरे माझ्याकडे जपलेले होते. मी ते उघडून दाखवले. चहा करायला उठली. चहा करायला उठली. चहा, सरबत, पुन्हा चहा. मॅडम वाचत राहिल्या.

तरी मॅडम त्या मॅडमच. वाटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, असं त्या म्हणाल्या. सव्वीस बाळांमधली काही खरोखर उपाशी राहत असतील तर? यादी थांबवायची तर कारण हवं. गुरुवारी स्वतः रीमाकडे येते, पाजण्याआधी आणि नंतर बाळाचं वजन करू, त्याच कपड्यांत, माझ्या काट्यावर. वजन वाढलं नाही तर तुम्ही सह्या करायच्या.

सरूबाई म्हणाल्या, चालेल. पण वजन वाढलं तर चिठ्ठी परत घ्यायची, आणि दुसरी द्यायची. शिवाय त्या घरात मी सांगेन तसं बसायचं, आणि चहा कुणी घ्यायचा नाही. मॅडमनी मान हलवली. मला धास्ती वाटत होती, कारण पोर ते पोर. नेमकं त्या दिवशी प्यायलंच नाही तर? सरूबाईंना मी तसं जिन्यात म्हणालोही. त्या म्हणाल्या, तू आकडे सांभाळ, तेवढं जमलं तरी पुष्कळ आहे. मला ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

गुरुवारी सकाळी आम्ही तारोडीला पोचलो. बाहेर बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. जिजाबाई दारात आल्या, चहाचं आधण ठेवायला वळल्या, तर सरूबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना उंबऱ्याशी बसवलं. आज आम्ही पाहुणे नाही, म्हणाल्या. बंटी शेजारी खेळायला पाठवला होता. मॅडमनी दिव्याला काट्यावर ठेवलं. पाच किलो चारशे दहा ग्रॅम. मग सरूबाईंनी आम्हाला ओळीने बसवलं, दाराकडे तोंड करून. मॅडम, अनुष्का, जिजाबाई, मी सगळ्यात पुढे जवळजवळ रस्त्यावर. त्या स्वतः मॅडमच्या शेजारी, समोर ताटात सुका जवळा, निवडायला. आमच्या पाठीमागे, पडद्याच्या अलीकडे, रीमा पोरीला घेऊन बसली.

"आता कुनी मागं बगायचं न्हाय," सरूबाई म्हणाल्या. "कान हायत ना सगल्यांना."

खरंच ऐकू येत होतं. आधी काही नाही, मग चुळबुळ, आणि मग एक बारीक, एकसारखा आवाज, घोट गिळल्याचा. सरूबाई जवळा निवडता निवडता बोटाने ताटाच्या कडेवर ताल धरल्यासारखं मोजत होत्या. चौथ्या मिनिटाला आवाज थांबला. मॅडमचा अंगठा स्टॉपवॉचवर गेला. दाराजवळच्या फळीवरची बाटली मला बसल्या जागेवरून दिसत होती. जिजाबाईही तिच्याकडेच बघत होत्या.

सरूबाईंनी नुसता तळवा दाखवला, थांबा. हळू आवाजात मॅडमना सांगितलं की पारडू थांबलं की ढुशी मारतं, माणसाचं पोर थांबतं आणि दम खातं, त्याला घाई करायची नसते. मॅडमची मान मागे वळायला लागली. सरूबाईंनी जवळ्याचं ताट उचलून सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि कचरा काढायला सांगितलं. आमच्या प्रकल्पाच्या प्रमुख, परदेशात शिकून आलेल्या, गुपचूप जवळा निवडू लागल्या. मागे रीमाने बाळाचं पाऊल हलवलं असावं, पैंजणाचा इवलासा आवाज आला. आणि घोट पुन्हा सुरू झाले.

एकोणीस मिनिटं. मध्ये पाच वेळा आवाज थांबला आणि पाचही वेळा सुरू झाला. शेवटी रीमाच्याच आवाजात आलं, झोपली. सरूबाईंनी वळायची परवानगी दिली. दिव्याच्या मुठी, ज्या आधी घट्ट आवळलेल्या होत्या, आता उघड्या पडल्या होत्या. मॅडमनी तिला काट्यावर ठेवलं, आकडा वाचला, काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं, पुन्हा वाचला. पाच किलो पाचशे पाच. पंचाण्णव ग्रॅम दूध पोरीच्या पोटात गेलं होतं, आमच्या पाठीमागे.

रीमा उठली, फळीवरचा डबा काढला आणि जिजाबाईंच्या हातात दिला. जिजाबाईंनी तो पदराने पुसला आणि दुकानात परत द्यायच्या पिशवीत ठेवला.

मला वाटलं आता सगळं मिटलं. मॅडम म्हणाल्या, एका घरावरून सव्वीस घरांचं ठरत नाही. त्यांचं बरोबर होतं, आणि सरूबाईंनीही ते नाकारलं नाही. शुक्रवारची यादी मॅडमनी स्वतः फोन करून थांबवली. पुढचे पंधरा दिवस आम्ही तारोडीच्या घराघरात दाराकडे तोंड करून बसलो. गावातली पोरं आम्हाला बघायला जमायची, कारण ऑफिसची माणसं ओळीने रस्त्याकडे बघत बसलेली त्यांनी आधी कधी पाहिली नव्हती. सव्वीसपैकी तेवीस बाळं पोटभर पीत होती. तिघांना खरंच कमी पडत होतं. त्या तीन आयांना सरूबाईंनी स्वतः डॉक्टरांकडे नेलं, आणि त्यांच्या फॉर्मवर पहिल्या फटक्यात सही केली.

मॅडमनी जुन्या भेटी रद्द केल्या, नियमावलीतलं माणसांचं पान बदललं आणि त्यांना वाटलं असेल की संपलं, तर नाही. सरूबाईंनी चिठ्ठीची आठवण करून दिली. मॅडम म्हणाल्या, पहिल्या चिठ्ठ्या परत मागवू, ते पुरे. सरूबाई म्हणाल्या, ते पुरे नाही. घरात एक कागद गेला की बाई खोटी ठरते, कागद परत आला म्हणून ती खरी ठरत नाही. तिला दुसरा कागद लागतो. तो पोस्टाने पाठवायचा नाही, अनुष्काच्या हाती द्यायचा नाही. ज्यांचा शिक्का त्यांनी उंबरा चढायचा, आणि सासूच्या हातात द्यायचा.

अशी चिठ्ठी संस्थेच्या कुठल्याच नमुन्यात बसत नव्हती. मी नवा नमुना केला. एकच वाक्य: ही आई बाळाला पुरेसं पाजते. खाली सहीसाठी दोन चौकटी, वरची प्रमुखांची, खालची सोबतीची. तेवीस प्रती काढून मी मॅडमच्या टेबलावर ठेवल्या. सरूबाई आल्या, पेन घेतलं आणि वरच्या चौकटीत सही करायला सुरुवात केली. मी घाईने म्हणालो, सरूबाई, तुमची चौकट खालची. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. तेवीस कागदांवर ती मोठी, ठसठशीत सही वरच्या चौकटीतून निघून खालच्या चौकटीतही पसरली. मॅडम समोर बसून बघत होत्या.

मॅडमनी स्वतः उंबरा चढून जिजाबाईंच्या हातात दिलेली ती चिठ्ठी रीमाच्या घरी देवाच्या फोटोमागे खोचलेली आहे, जिजाबाई आल्यागेल्याला काढून दाखवतात. दुकानदाराने डबा परत घेतला, बाटली घेतली नाही. तिच्यात आता मोहरी असते. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा मी चिठ्ठी पुन्हा हातात घेऊन पाहिली. दोन्ही चौकटी सरूबाईंनी भरलेल्या आहेत, आणि मॅडमनी पानाच्या अगदी तळाशी, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात सही केली आहे.